अ‍ॅडजस्टवाले भाऊजी

आमच्या भाऊजींना इंग्रजी बेताचंच येतं, पण एका इंग्रजी शब्दाच्या जोरावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’. फर्निचरच्या एका मोठ्या शोरूममध्ये, मागच्या बाजूला, गोडाऊनच्या दाराशी तक्रारींचा काउंटर आहे. तिथे भाऊजी बसतात. विकलेला माल परत घ्यायचा नाही, हा मालकाचा नियम. आणि तसं गिऱ्हाइकाला कधीही सांगायचं नाही, हा भाऊजींचा.

कपाटाचं दार लागत नाही? ‘होईल अ‍ॅडजस्ट’, म्हणजे दाराला आपोआप अक्कल येईल. टेबल डुगडुगतंय? ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’, म्हणजे पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो. पलंग खोलीत मावत नाही? ‘अ‍ॅडजस्ट करा’, म्हणजे खोली बदला. सोफा दाखवला एका रंगाचा आणि आला भलत्याच रंगाचा, तर डोळे अ‍ॅडजस्ट होतात. हा एक शब्द पेलतो एवढं वजन त्या शोरूममधली एकही फळी पेलणार नाही.

बरं, हाच शब्द सरसकट सगळ्यांच्या तोंडावर मारतील तर ते भाऊजी कसले! माणूस पाहून ते शब्द काढतात. मोठ्या गाडीतून उतरलेल्याला, ‘जरा कोऑपरेट करा, सर.’ नव्या संसाराच्या जोडप्याला, ‘मॅनेज होतं हो सगळं.’ शाळामास्तरांना, ‘आपण समजून घ्याल.’ आणि मोडकी खुर्ची खांद्यावर घालून चालत आलेल्याला नुसतं, ‘चालवून घ्या.’ घरी माझ्या ताईला मात्र मूळ शब्दच, तोही कोरडा. घरच्या माणसावर ठेवणीतले शब्द कशाला खर्च करायचे?

त्यांची कामाची पद्धत मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना ते ती लढाई जिंकल्यासारखी सांगतात. आधी गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं. मग सगळं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, ‘तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.’ मग वर कळवतो म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात बोलवायचं. दोन-तीन खेपांत माणूस थकतो. “थकला की झाला अ‍ॅडजस्ट,” असं म्हणून भाऊजी ताईपुढे ताट सरकवतात, आणि ताई वाढते.

ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दुसऱ्या गावातल्या शाखेची प्रमुख म्हणून तिला आधी दोनदा विचारलं होतं. एकदा मुलगा लहान होता, एकदा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन्ही वेळा भाऊजींनी तो शब्द उच्चारला आणि ताईने नकार कळवला. आता मुलगा शिकायला बाहेरगावी, सासूबाईही राहिल्या नाहीत. आणि लॅबने पुन्हा विचारलं. आता नाही म्हटलं तर परत विचारणार नाहीत, हेही सांगितलं. सोमवारी उत्तर द्यायचं, म्हणून रविवारी तिने मला बोलावून घेतलं.

“तू काही बोलू नकोस,” स्वयंपाकघरात ती मला म्हणाली. “नुसती बस. ते बोलायला लागले ना, की माझंच मला खरं वाटेनासं होतं.”

ही बाई सुईने लोकांचं रक्त काढते आणि नवऱ्यासमोर हिचं स्वतःचं पाणी होतं! मला असा राग आला म्हणता!

बाहेरच्या खोलीत तिने विषय काढला. भाऊजी शांतपणे उठले, आत गेले आणि तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पाणी दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिथेच सावध झाले. ताई ते पाणी प्यायली. म्हटलं, गेली!

“तुझं शंभर टक्के बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले. “पण घाई कशाला? मी तुझ्या साहेबांशी बोलतो. एक आठवडा दे. जरा समजून घे. कोऑपरेट कर. होईल मॅनेज.”

बायकोसाठी कधी नव्हे ते सगळे चांगले शब्द बाहेर आले होते. ताईने ग्लास खाली ठेवला.

“अहो, ते तक्रारीला म्हणायचं असतं,” ती म्हणाली. “मागे दोनदा मी तक्रार घेऊन आले होते. आता माझी काही तक्रारच नाहीये. मी जातेय, एवढंच सांगतेय.”

ज्याची तक्रार नाही तो माणूस भाऊजींच्या काउंटरवर कधी आलाच नव्हता. त्याला काय सांगायचं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

“मग माझी आहे तक्रार,” ते म्हणाले.

मला हसूच फुटणार होतं. पण ताई सरकून त्यांच्या शेजारी बसली. “बोला,” ती म्हणाली.

आणि भाऊजी बोलले. आधी दुधाचं, मग कपड्यांचं, मग चावी शेजाऱ्यांकडे ठेवायची का, याचं. मग एकदम आवाज उतरला. “संध्याकाळी दार उघडल्यावर आत कुणीच नसेल. मला भीती वाटते गं.” यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

ताईने मध्ये तोंड घातलं नाही. शंभर टक्के बरोबर आहे म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यावर ढकललं नाही. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“वाटणारच,” ती म्हणाली. “तरी मी जाणार आहे.”

भाऊजींनी खाली ठेवलेला रिकामा ग्लास उचलला. मग त्यांनी विचारलं, “गाडी किती वाजता असते?”