रंगनाथरावांचा बिनआवाजी नास

अंबडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनांच्या दणदणाटात काढून निवृत्त झालेल्या रंगनाथरावांना आपल्या कानांचा भारी अभिमान. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग गेलं की राहिलं ते सांगायचं. सांगितलेलं कधी चुकलं नाही, असं त्यांचंच म्हणणं. दुसरा साक्षीदार सोसायटीत अजून भेटलेला नाही. टीव्ही मात्र ते असा लावत की तळमजल्यावरच्या कलाबाईंना आपला बंद ठेवूनही मालिका चुकत नसे.

लेक वेदिकाने घरभरच्या मोबाइलमधले फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवायला राउटरला जोडायचा एक डबा आणला. आत हार्ड डिस्क अजून घालायच्या होत्या. डब्याला नास म्हणतात हे ऐकून रंगनाथरावांच्या पत्नी उज्वलाताई म्हणाल्या, "नाव ठेवणाऱ्याला अंदाज होता म्हणायचा."

राउटर हॉलमध्ये, त्याच्या खाली दिवाण आणि दिवाणावर दुपारी दोन ते चार उज्वलाताई. त्यांची अट एकच होती. "आवाज आला, तर नास बाहेर. तुमच्या निरोप समारंभाच्या व्हिडिओसकट."

"आवाज येतोय कशाला? डिस्क मी निवडतो," रंगनाथराव म्हणाले, आणि जिन्यात भेटेल त्याला तेच सांगत सुटले.

कॅनडा कॉर्नरजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार शेखरने दोन डिस्क चालू करून टेबलावर ठेवल्या. "काका, ही मिनिटाला चोपन्नशे फेरे घेते. घरासाठी हीच घ्या. दुसरी बहात्तरशेवाली. पळते जोरात, पण बोलते फार."

रंगनाथरावांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिलीला लावला. "गुरगुरतेय." दुसरीला लावला, डोळे मिटले. "ही बघा. ठार गप्प. याला म्हणतात बॅलन्सिंग."

"काका, मला इथून तिची शिट्टी ऐकू येतेय."

"पंखा असेल तुमचा."

शेखरने पंखा बंद केला. शिट्टी चालू राहिली, काकाही चालू राहिले. शेवटी त्याने जोरात पळणारी जोडी पिशवीत घालून दिली. वेदिकाने योग्य डिस्कचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी खिशातून बाहेर आलीच नाही.

रविवारी दुपारी नास सुरू झाला. उज्वलाताई आडव्या झाल्या आणि दोन मिनिटांत उठून बसल्या. "कानात सुई घातल्यासारखं काय वाजतंय हे?"

"कुठे काय?" रंगनाथरावांनी फ्रिज बंद करून पाहिला. मग वरच्या मजल्यावर जाऊन शेजारच्या सोमनाथला त्याचा कूलर बंद करायला लावला. उकाड्यात घामाघूम झालेला सोमनाथ ही काय भानगड आहे ते बघायला खाली आला. त्याच्या मागे कलाबाई. त्यांना बोलवावं लागत नाही.

"बाबा, तुम्हीच लावून बघा ना तुमचा स्क्रू ड्रायव्हर," वेदिका म्हणाली.

त्यांनी लावला. डोळे मिटले.

"चालू आहे," ते म्हणाले, "पण ऐका. श्वाससुद्धा नाही."

डोळे उघडले तेव्हा प्लग वेदिकाच्या हातात होता.

सोमनाथ पंख्याकडे बघू लागला. कलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. रंगनाथराव मात्र बराच वेळ त्या स्क्रू ड्रायव्हरकडेच बघत राहिले, दोष त्याच्यात निघतो का ते.

"कंपनीने कानात घालायला बुचं दिली होती ना?" उज्वलाताईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, तेच रंगनाथरावांना जास्त लागलं.

"दिली होती. पण बुचं घातली तर बेअरिंग कसं ऐकू येणार?"

सोमवारी उज्वलाताई स्वतः दुकानात गेल्या. शेखरच्या टेबलाला कान लावला आणि शिट्टीवाली जोडी परत देऊन गुरगुरणारी बदलून आणली. दुपारी दोन ते चार झोपल्या. उठल्यावर त्यांनी निकाल दिला. "नास राहू दे. पण गुरुवारी अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं."

रंगनाथरावांनी पेपरचं पान उलटलं.

उज्वलाताईंनी पुन्हा, चढ्या आवाजात सांगितलं. आणखी एक पान उलटलं गेलं.

"रंगनाथभाऊ," तळमजल्यावरून कलाबाई ओरडल्या, "गुरुवारी, अकरा वाजता."

"ऐकलं हो," रंगनाथराव म्हणाले.