आत्याची वई

माझ्या थोरल्या आत्याइतकं संतापी माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात नसेल, आणि तिचा सगळ्यात मोठा राग वाऱ्यावर आहे. नर्सची नोकरी संपल्यावर तिने आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, जिथे गवतसुद्धा आडवं उगवतं, हट्टाने घर बांधून बाग केली, मधोमध सोनचाफा लावला. समुद्रावरचा खारा वारा थेट बागेत. जास्वंदीची पानं करपलेली दिसली की ती समुद्राकडे तोंड करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. वाऱ्यासाठी म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेली हिरवी जाळी गेल्या वर्षी आषाढात फाटली, तेव्हा ती गुंडाळून तिने त्याच्या गल्ल्यावर नेऊन आपटली.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ती एका लग्नाला संगमेश्वरला गेलेली असताना त्यांनी तिला न विचारता पश्चिमेला चिऱ्याची भिंत घातली. वारा भिंतीवरून उडी मारून आत आदळला आणि सगळी अबोली झोपली. आत्याने गवंड्याला बोलावून एकाआड एक चिरा काढायला लावला. "वारा अडवायचा नसतो रे मेल्या, गाळायचा असतो," ती त्याच्यावर ओरडली. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

बाबा भडकले. "या पावसाळ्यात तुझा सोनचाफा जगला तर राहा इथे. नाही तर घर विकून आमच्याकडे ये." मला बाबांचा राग आला, अजून आहे. झाडावर कुणी माणसाचं घर पणाला लावतं का? आत्या "चालेल" म्हणाली आणि कामाला लागली. बाहेर निर्गुडीची दाट वई, म्हणजे जिवंत कुंपण, आणि आत बांबूंना बांधलेले माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, मुद्दाम फटी ठेवून. भर पावसात रेनकोट घालून ती निर्गुडी छाटायची, कुजलेला झाप बदलायची, सैल पडलेला काथ्या आवळायची. मदतीला गेलो तर माझ्या गाठी सोडून पुन्हा स्वतः मारायची आणि चहासाठी रेंगाळलो की म्हणायची, "तुला घरी कामं नाहीत काय रे?"

गणपतीनंतर बाबा आणि मी रिक्षाने बघायला गेलो. चाफा एका बाजूने करपला होता, पण दुसऱ्या बाजूला पालवी होती. बाबांनी ती पालवी हाताने चाचपून बघितली. "जगला, ताई," ते पडेल आवाजात म्हणाले आणि निघाले. आता ही त्यांना फाडून खाणार, म्हणून मी मान खाली घातली. आत्या झापाशी उगाचच काहीतरी करत होती. आमच्याकडे न बघताच बाबांना म्हणाली, "राहतोस काय रे आज? भात जास्तीचा टाकते."

बाबा रिक्षा परत पाठवायला गेले. मला फार वाईट वाटलं. तिला आमच्याकडे न्यायला आम्ही सगळे यायचो. तिच्याकडे राहायला कधी कुणी आलं नव्हतं.