रबाळ्याची फुगलेली जमीन

कोल्ड स्टोरेजमध्ये कोळंबी वर्षभर टिकते. तिथले किस्से त्याहून जास्त टिकतात! आम्ही जुने सोबती घणसोलीत चहाला जमलो की एकेक बाहेर निघतो, आणि अजून ताजा असतो. मी तिथे मशीनला तेल घालायचो. बोलायचो कमी, त्यामुळे ऐकलं भरपूर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. रबाळ्यात नुकते कारखाने येत होते. खाडीकाठच्या भातशेतांवर भराव टाकून आमच्या शेठनी कोल्ड स्टोरेज बांधलं. त्यातलं एक शेत घणसोलीच्या दामूदादाचं. शेताच्या बदल्यात त्याला नोकरी मिळाली. काम एवढंच, कोळंबीच्या खोलीचं जाडजूड दार उघडायचं आणि लावायचं. "दार उघडं राहिलं तर गारवा जाईल, माल जाईल आणि तूही जाशील," असं मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

दामू हसून म्हणायचा, "माज्या शेताला मीच राखन हाय. फकस्त बांदाच्या जागी दार हाय."

*

बांधणाऱ्या इंजिनिअरने फरशीखालून आरपार पाइप टाकले होते. बाहेरची उबदार हवा खालून खेळावी, जमीन गोठू नये म्हणून. शेठ एकदा फेरीला आले. भिंतीबाहेर पाइपाच्या तोंडाशी हात धरला आणि ओरडले, "अरे, माझा गारवा बाहेर चाललाय!"

मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी सगळ्या पाइपांत गोणपाटं कोंबली आणि वर सिमेंट थापलं. खूश होऊन शेठनी त्यांना टेबलफॅन दिला. हवा खेळती हवी, हे साहेबांच्या केबिनपुरतं शेठना कळत होतं!

*

पुढे खोलीची फरशी मधोमध फुगली. खालच्या चिखलातलं पाणी गोठून जमीन वर उचलत होती. कोळंबीच्या खोक्यांच्या थप्प्या कलल्या. हातगाडी सोडली की आपोआप भिंतीकडे पळायची.

शेठनी तो उंचवटा पाहिला आणि चपला काढल्या. "स्वयंभू आहे!"

हळदकुंकू आलं, नारळ आला. भटजी दुसऱ्या दिवशी उगवले, तोवर नारळ तिथेच. फोडला तर आत पाण्याचा दगड! मॅनेजरसाहेब हात जोडून म्हणाले, "साक्षात्कार!"

दामू माझ्या कानाशी पुटपुटला, "देवाला हुडहुडी भरलीय. कुनी घोंगडी द्या रं त्याला."

*

देव काही खाली बसेना. मग शेठनी मुंबईहून एक तज्ज्ञ आणले, रशियात राहून आलेले. ते शांतपणे सांगू लागले, "तिकडे उत्तरेला जमीन बारा महिने गोठलेली असते. घराची ऊब लागली की ती वितळते आणि घर खचतं. म्हणून घरं खांबांवर उचलून बांधतात. तुम्ही उलटं केलंत, चांगली जमीन गोठवलीत! आता पाइप उघडा. आणि मशीन एकदम बंद करू नका, जमीन वितळली तर खोली खचेल."

शेठ म्हणाले, "पण ते रशियात ना? आपण रबाळ्यात आहोत!"

तज्ज्ञांना चहासुद्धा गारच मिळाला.

*

फुगवटा सरकत सरकत दारापर्यंत आला. दार खाली अडायला लागलं, पुरतं लागेना. साहेब दामूवर धावले. "दार लागलं नाही तर उद्यापासून घरी बस!"

घरी बसून दामू खाणार काय? शेत तर ह्या दाराच्या आत होतं.

तो हातापाया पडला, तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. सुतार बोलावला आणि दार खालून कापायला लावलं. जमीन आणखी फुगली. "काप अजून!" जमीन पुन्हा फुगली. "काप!" शेवटी दार लागलं. त्या दिवशी दामूने दाराला नमस्कार केला. मला हसू आलं नाही.

*

मग एका वर्षी कोळंबीचा धंदा बसला. खोली रिकामी झाली. वीज वाचवायची म्हणून शेठनी मशीन बंद करून टाकलं. उन्हाळाभर जमीन वितळत राहिली. फरशी खचली, भिंतीला तडा गेला आणि दाराखाली हातभर फट पडली.

नव्या हंगामाचा माल यायच्या आदल्या दिवशी शेठ आले. दार बंद होतं, कडी नीट लावलेली. आत कुत्री व्यायली होती!

शेठ मॅनेजरसाहेबांवर उखडले. साहेबांनी दामूकडे बोट केलं. "दाराची जबाबदारी ह्याची! बोल, दार एवढं वर कसं गेलं? बोल, नाहीतर आत्ताच्या आत्ता चालता हो!"

दामूच्या हातात एक पिल्लू होतं. त्याने ते हळूच आईपाशी ठेवलं, दाराची चौकट वरपासून खालपर्यंत चाचपली आणि म्हणाला,

"दार जाग्यावरच हाय, साहेब. जमीन गेली."