हॉटेलच्या खजुरी फळल्या

“दाजी, तुम्हाला फुलोरे कापायला सांगितलं होतं की झाडांची लग्नं लावायला?”

“हळू बोल, रिधा.”

“हळू काय बोलू! गोल्फ खेळायला आलेल्या बाईच्या ओठाला गांधीलमाशी चावली. पांढऱ्या पँटीतला साहेब खजुरांवरून घसरून बसकन आपटला. ट्युनिसचा मॅनेजर मला विचारतो, शोभेच्या झाडांना फळं आलीच कशी?”

“नर बांधल्याशिवाय येत नाहीत,” तिजानी शांतपणे म्हणाला. “मी बांधला.”

“आणि वर छाती काढून सांगताय!”

“त्याला काय विचारतोस?” चुलीवरचा चहा खाली घेत हद्दा भावाला म्हणाली. “हा झाडावरून उतरतो, अक्कल वरच राहते.”

सेद्रा गावात फुलोरा बांधावा तो तिजानीच्याच घरानं. वसंतात नर झाडाचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात खोचायचे, झावळीच्या दोरानं सैलसर बांधायचे, बिस्मिल्ला म्हणायचं आणि पुढचं झाड धरायचं. बाप गेला त्या वसंतातही तिजानी चौथ्या दिवशी झाडावर होता. फुलोरा कुणासाठी थांबत नाही. मग हॉटेल आलं. त्याच्या हिरवळीसाठी खोल बोअर मारली, गावचा झरा आटला, बागा वाळायला लागल्या. त्याच बागांतल्या खजुरी हॉटेलनं मुळासकट उपटून ट्रकांतून नेल्या आणि हिरवळीच्या कडेनं उभ्या केल्या. झाडांमागोमाग तिजानीही गेला, माळी म्हणून. रिधा तिथला मुकादम, त्यानंच चिकटवलं.

काम साधं होतं. फुलोरा दिसला की विळ्यानं उडवायचा. पाहुण्यांना सावली हवी, फळ नको. पण वर चढल्यावर, पुढ्यात नुकता उमललेला फुलोरा असताना, तिजानीचा हात विळ्याकडे गेलाच नाही. गावाकडचे तुरे आणून त्यानं एकेक झाड बांधून काढलं. उन्हाळाभर हॉटेल बंद. मान वर करून कुणी पाहिलं नाही. रिधानंही नाही.

“आजच्या आज सगळे घड उतरवा,” रिधा म्हणाला. “तेवढं केलंत तर नोकरी राहील. मी बोललोय वर.”

“अर्धे कच्चे आहेत अजून.”

“कापून टाक, माणसा!” हद्दा कळवळून म्हणाली. “आपल्या बागेत आता सरपण तेवढं उरलंय. ही नोकरी गेली तर खायचं काय? वाळू?”

तिजानीनं चहा घेतला नाही. विळा घेतला.

गावात घड उतरवायचे म्हणजे खोडाला एकाखाली एक माणसं बिलगायची, घड हातोहात खाली यायचा. जमिनीला टेकला तर म्हातारे सात पिढ्यांचा उद्धार करायचे. इथं खाली एकटा रिधा होता, तोही लांब, कपडे सांभाळत.

“झेल तरी!” तिजानी वरून ओरडला.

“फेका हो! कचऱ्यातच जायचंय.”

पहिला घड हिरवळीवर आदळून फुटला. त्यानंतर तिजानीनं खाली पाहिलं नाही. शेवटच्या झाडावरून उतरला तेव्हा विळा लागून कापलेलं बोट त्यानं सदऱ्यात गुंडाळलं होतं, आणि कच्च्या खजुरांचा ढीग काळ्या पिशव्यांत भरला जात होता.

दिवेलागणीला रिधा पुन्हा आला. बसला नाही.

“दाजी, उद्यापासून येऊ नका. सगळ्या खजुरी काढणार आहेत. बाहेरून फळ न धरणारी झाडं येतायत, त्यांची माणसंही त्यांच्याबरोबरच.”

हद्दाची भाकरी तव्यावर तशीच राहिली. “सकाळी म्हणालास, नोकरी राहील.”

“म्हणालो.”

“तेव्हा ठाऊक नव्हतं तुला?”

“दुसरं कुणी चढायला तयार नव्हतं,” तिजानीच म्हणाला, बोटाकडे बघत. “होय ना, रिधा?”

“तू गप्प बस! रिधा, वर नाव कुणी सांगितलं ह्याचं? झाडांवर नजर ठेवायचं काम तुझं होतं. तुझी नोकरी तेवढी राहिली, होय ना? इकडे बघ. ह्याच्या तोंडाकडे बघून सांग.”

रिधानं उंबऱ्यातल्या वहाणा पायांनीच चाचपल्या, घातल्या आणि तो निघून गेला.