गोलपोस्टवरचा नारळ

नारळ माझ्या हातातून काढून घेतला. सगळ्या टीमसमोर. दंडावर कॅप्टनची पट्टी होती माझ्या!

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ग्राउंडवर आमच्या मराठी मंडळाची फुटबॉल टीम खेळते. सीझनच्या पहिल्या मॅचला कॅप्टनने गोलपोस्टवर नारळ फोडायचा, ही रीत. सेक्रेटरीकाकांनी नारळ दिला आणि सहज विचारलं, "नागपूरला कुठे रे तू?"

"इंदोऱ्याला."

"म्हणजे जयभीमवाले?"

"हो. जय भीम, काका."

ते हसले. हसत हसतच नारळ घेतला. "तू मस्त खेळ रे. पूजेचं हा बघेल." हा म्हणजे आमचा गोलकीपर. त्याला धड बॉल धरता येत नाही, पण नारळ चालतो!

पोरं खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत बसली. मी एरवी शब्दाला शब्द देणारा. तेव्हा टॉस करायला निघून गेलो.

लेक बघत होती. तिचा शाळेत प्रोजेक्ट चालला होता, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका इथल्याच फुटबॉलरवर. बाप आफ्रिकेचा, आई गोरी. गोल असे मारायचा की देशाच्या टीममध्ये नाव लागलं. मग निवड करणारे साहेब बघायला आले. खेळ नाही बघितला, तोंड बघितलं. नाव कापलं. तो आपला क्लबकडून खेळत राहिला, नंतर गोदीत राबला, नातवंडांनाही कधी सांगितलं नाही. तो मेल्यावर या फुटबॉलवाल्यांनी स्टेडियमच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं. सॉरी म्हणाले. कुणाला?

त्याच आठवड्यात लेकीने विचारलं, "बाबा, तो काहीच का नाही बोलला?"

मी म्हटलं, "काळ तसा होता."

"पण तू पण नाही बोलला. संडेला."

अंगाची लाही लाही झाली. काकांवर नाही, स्वतःवर.

पुढच्या रविवारी मेडनहेडच्या घरून निघतानाच मी नारळ घेतला. ग्राउंडवर थेट गोलपोस्टपाशी गेलो. काका धावत आले. "अरे, झालं ना ते! विषय कशाला वाढवतोस?"

"विषय तुम्ही काढलात. मी फक्त नारळ फोडतोय."

फोडला. खोबरं वाटलं. तिघांनी घेतलं. बाकीच्यांना एकदम वॉर्म-अप आठवला. काकांनी हात मागे बांधले.

आता निरोप येतात, पट्टी सोड, वातावरण खराब होतंय म्हणून. होऊ दे. मला मेल्यावर स्टँड नको. मला सॉरी पाहिजे, मी जिवंत असताना, सगळ्या टीमसमोर. तोवर पट्टी सोडणार नाही.