तक्त्यातली सात माणसं

संगणकाच्या पडद्यावर एखादा आकडा आला की ताई मागून यायच्या, आपल्या खांद्यावरून हात पुढे करून तो आकडा तळहाताने झाकायच्या आणि विचारायच्या, "मोजलं ते झालं. वाचलंस का?"

असा प्रश्न वर्षातून एकदा कुणी विचारला तर आपण त्याला थोर म्हणतो. दिवसातून दहादा विचारला तर काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, आणि त्याच्या नावाने तुम्हीही घरी येऊन कपाळावर हात मारला असेल.

आमचं ऑफिस बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, सहा माणसांचं. काम असं, की आपल्या देशात वैद्यकीय संशोधन किती होतं ते मोजायचं. म्हणजे डॉक्टर मंडळी जे शोधनिबंध छापतात त्यांची संख्या काढायची, आणि एकेका पेपरचा उल्लेख पुढे किती जणांनी आपापल्या पेपरात केला तेही मोजायचं. या उल्लेखाला आम्ही सायटेशन म्हणायचो. पेपर किती, सायटेशन किती, देश कितव्या नंबरावर, हे सगळं तक्त्यांत बसवून वर्षाअखेरीस अहवाल द्यायचा. अहवाल मागवणारी संस्था मोठी होती आणि तिथल्या साहेबांना आकडे आवडायचे. मलाही आवडायचे. मी त्या टीमचा प्रमुख होतो.

ताई करावे गावच्या. एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात उभा जन्म काढून निवृत्त झाल्या आणि वर्षावर्षाच्या करारावर आमच्याकडे आल्या. हुद्द्याने माझ्या हाताखाली, वयाने माझ्या आईएवढ्या. त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करायचो आणि त्या मला अरेतुरे. त्यांचं काम पडताळणीचं. आम्ही मोजलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातले शंभर पेपर उचलायचे, नोंद बरोबर आहे ना बघायचं आणि कागदावर सही करायची. त्यांच्याआधीचे गृहस्थ जेवायच्या सुट्टीआधी शंभर उरकायचे. ताईंना चार दिवस लागायचे, कारण त्या पेपर वाचायच्या. अख्खा.

"ताई, फक्त पत्ता बघायचाय. लेखक आपल्या देशातला आहे का, एवढंच."

"पत्ता बघायला पोस्टमन हाय ना. मी कशाला?"

एकदा एका पेपरला चारशे लेखक निघाले. जगभरचे. त्यात आपला एक. आमच्या पद्धतीत तो अख्खा पेपर देशाच्या नावावर लागायचा, आणि असल्या पेपरांना सायटेशन भरघोस मिळतात, म्हणून मला ते फार प्रिय. ताईंनी सही अडवली.

"गावजेवनात यानं मीठ वाढलं," त्या म्हणाल्या, "आनि घरी येऊन सांगतो, जेवन मी घातलं."

"ताई, पद्धत तशी आहे. जगभर असंच मोजतात."

"मंग जगभर मीठवालेच जास्त असतील."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो आणि तासाभराने एकटाच चिडलो, कारण तो पेपर काढायचा तर तक्ता पुन्हा करावा लागला असता. मी काढला नाही. सही मात्र दोन दिवस अडकली.

सायटेशनांवर तर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. एका डॉक्टरच्या पेपरांचा सगळ्यात जास्त उल्लेख खुद्द त्या डॉक्टरनेच केला होता. ते कळल्यावर ताईंनी उजवा हात मागे नेऊन स्वतःच्याच पाठीवर थाप मारून बघितली. हात पोचेना. "जमतं कसं रे यांना?" त्यांनी अगदी कुतूहलाने विचारलं. दुसऱ्या एका पेपरचे उल्लेख भरपूर म्हणून मी खूश होतो. ताईंनी ते उल्लेख एकेक करून वाचले, त्यात माझा आठवडा गेला, आणि मग सांगितलं की निम्म्याहून जास्त लोकांनी 'हे असं करू नका' म्हणायलाच त्याचं नाव घेतलंय.

"लग्नात सगळ्यात जास्त नाव कोनाचं निघतं? नवऱ्याचं नाय. जो रुसून बसलाय त्या काकाचं."

तुम्हाला हे ऐकायला मजा वाटते आहे. साहेबांचे फोन मला यायचे.

पण खरा डोक्याला ताप वेगळाच होता. ताई पेपरांतल्या तक्त्यांची बेरीज करायच्या. कागदावर, पेन्सिलीने. सुरुवातीला साठ रुग्ण घेतले म्हटलंय आणि शेवटी अठ्ठावन्नच भरतात असं दिसलं, की त्या कुठून तरी त्या डॉक्टरचा नंबर मिळवून सरळ फोन लावायच्या.

"हॅलो डॉक्टर, नमस्कार. तुमची दोन मानसं कुठं गेली?"

कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, काही सांगणं नाही. पलीकडचा माणूस दचकायचाच. एकाने तर मला फोन करून झापलं, की तुमच्याकडची कोणी बाई मी माणसं पळवल्यासारखं बोलते. मी माफी मागितली आणि ताईंना समोर बसवलं.

"ताई, आपण पेपर मोजतो. पेशंट मोजत नाही."

"मंग पेशंट कोन मोजतं?"

"ते त्यांचं त्यांना."

"त्यांनी मोजले असते तर मी फोन कशाला केला असता?"

मी हात टेकले. या बाईंशी वाद घालण्यापेक्षा तक्ता नव्याने करणं परवडायचं.

मग तो पेपर आला. फुप्फुसाच्या एका जुनाट दुखण्यावर नवी औषधयोजना, लिहिणारे आपल्याच देशातले एक ज्येष्ठ डॉक्टर, आणि आमच्या यादीत सायटेशनांत पहिला नंबर. अहवालाचं पहिलं पान मी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. सोमवारी अहवाल छपाईला जायचा आणि शुक्रवारी दुपारी ताई सहीचा कागद कोराच घेऊन आल्या.

"एकशेवीस घेतले. शेवटी एकशेतेराचंच लिवलंय. सात कमी."

मी बघितलं. खाली बारीक अक्षरात खुलासा होता. "लिहिलंय की इथे. सात रुग्णांशी संपर्क होऊ शकला नाही. रीतसर आहे हे, ताई. सगळेच लिहितात असं."

"सगळे लिवतात म्हनून तर इचारते. ती सातच्या सात मेली असली, तर औषधाचा गुन कमी होतो का नाय?"

होतो. ते मलाही कळत होतं. पण सोमवारला मध्ये दोनच दिवस होते.

"आपल्याला नंबर द्यायचाय, औषध द्यायचं नाहीये."

"औषध पन नंबर बघूनच देतात रे."

त्यांनी सही केली नाही. वर ऑफिसच्या छापील कागदावर त्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, सात माणसांचं काय झालं ते कळवा म्हणून, आणि पोस्टात टाकूनही आल्या. मी ओरडलो. सगळ्यांसमोर, आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो. नोकरी करायची तर नियमाने करा, तुमच्यामुळे आम्ही सगळे गोत्यात येऊ, वगैरे जे जे तोंडात आलं ते बोललो. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या.

"झालं का?" त्या म्हणाल्या. "पानी पी."

सोमवारी सकाळी पडताळणीच्या कागदावर मी स्वतः सही केली.

अहवाल थाटात प्रसिद्ध झाला. वाशीच्या एका सभागृहात त्या डॉक्टरांना शाल आणि श्रीफळ दिलं, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात ताईंचा करार संपत होता. तो वाढवावा का, यावर माझं मत मागवलं गेलं. मी लिहिलं, काम चोख, वेग कमी. यातलं काय वाचलं जाणार हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून हातातले शंभर पेपर संपवले, पेन्सिली पिशवीत टाकल्या आणि "येते रे" म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पडताळणी जेवायच्या सुट्टीआधी उरकू लागली.

काही महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. वर ताईंचं नाव, खाली आमचा पत्ता, पाठवणारे तेच डॉक्टर. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला कळतं. पण मला कोर्टकचेरीची धास्ती होती, म्हणून उघडलं. आत हाताने लिहिलेली चार पानं. तुमचं पत्र वाचून आधी फार राग आला, डॉक्टरांनी लिहिलं होतं. मग त्यांनी जुने कागद काढून त्या सातजणांच्या गावी माणूस पाठवला होता. नियमाप्रमाणे नावं दिलेली नव्हती. एकजण दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला होता. एका बाईने औषधाने उलट्या होतात म्हणून ते सोडलं होतं. तिघं वारले होते, अभ्यास चालू असतानाच. दोघांचा पत्ता लागला नव्हता. हे सगळं छापून यावं म्हणून दुरुस्ती पाठवत आहे, असं शेवटी लिहून त्यांनी ताईंचे आभार मानले होते.

मी ताईंना फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. नाही. आलेल्या टपालाचं काय झालं ते पाकिटाच्या मागे लिहायची आमच्याकडे शिस्त होती. मी 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहिलं, खाली छोटी सही केली आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

मग ती दुरुस्ती छापून आली. औषधाचा गुण आधी सांगितला त्यापेक्षा बराच कमी असल्याचं तिच्यात स्पष्ट म्हटलं होतं. मी घाबरून साहेबांना फोन केला.

"दुरुस्ती आली म्हणून सायटेशन कमी होतात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. उलट आता दुरुस्तीबद्दल लिहितानाही लोक त्याच पेपरचं नाव घेतील. वाढतीलच."

"मग नंबर तोच ना?"

"तोच."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी फोन ठेवला. इतकी वर्षं ताईंवर चिडत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासारखा चिडलो. पण चिडून बोलायचं कुणाशी? ऑफिसात आता असं कुणी उरलंच नव्हतं. पाकीट घेतलं, खाली उतरून रिक्षा केली आणि करावेला गेलो. पंधरा मिनिटं लागली. गावात शिरल्यावर ताईंचं नाव घेतलं, तर पहिल्याच बाईने "चल" म्हणून मला थेट दारात नेऊन सोडलं.

ताई ओट्यावर बसून सुपात सुका जवळा निवडत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी फक्त सरकून जागा केली. पदराला हात पुसून पत्र घेतलं. ओळीखाली बोट ठेवत दोनदा वाचलं.

"तीन गेली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता 'मी सांगत होते' येणार. आलं नाही.

"भला मानूस हाय. शोधायला गेला तरी."

"ताई, तुम्हाला संशय आला तरी कसा?"

"संशय कसला?" त्या पुन्हा जवळा निवडायला लागल्या. "आमचे हे पावणे गावात फॅक्टरीत होते. छातीचं दुखनं लागलं. तवा एका मोठ्या हॉस्पिटलात नव्या औषधाच्या अभ्यासात घेतलं त्यांना. तीन खेपा गेलो आमी. चौथ्या खेपेला त्यांना उठताच येईना. मंग वारले." सुपातला एक बारीक खडा त्यांनी बाहेर टाकला. "लई वर्सांनी तो पेपर मला लायब्ररीत गावला. तेच हॉस्पिटल, तेच औषध, तेच साल. खाली लिवलेलं, एका रुग्नाशी संपर्क होऊ शकला नाय."

"त्यांच्याकडे तुमचा पत्ता नव्हता?"

"पत्ता दिलेला. शेजारच्यांचा फोन नंबर दिलेला. घर तवा पन हेच होतं. आमी इथंच होतो रे. कोन आलंच नाय."

त्यांनी पत्राची घडी केली आणि आत घालायला पाकीट उलटं केलं. तेव्हा मला आठवलं. हात पुढे करून ते ओढून घ्यावं असं वाटलं, पण उशीर झाला होता. माझं अक्षर त्या चांगलं ओळखायच्या. त्यांनी ते चार शब्दही खाली बोट ठेवून वाचले.

"मी दोनदा फोन केला होता, ताई."

"हां," त्या म्हणाल्या. "फोन आतल्या खोलीत असतो. मला ऐकूच येत नाय."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि समोरची बाई माझ्याच बाजूने कारण शोधत होती.

मग सूप बाजूला ठेवून त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. दाराशी थांबून माझ्याकडे वळल्या.

"आता घर बघितलंस ना?" त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.