अंगरख्याची जरी

नया बाजारातल्या एका दुकानात परवा जुनी जरी जाळून चांदी काढताना पाहिली. रेशीम जळाल्याचा वास आला आणि नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दरबारी अंगरखा आठवला.

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं त्या वर्षी आईला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण डोक्यावरचे सगळे केस गेले. आमच्या लोकांत तेव्हा केस नसलेली बाई म्हणजे विधवा. नवरा समोर असताना तसं दिसायला नको, म्हणून आईने घराबाहेर पडणंच सोडलं.

दौलतगंजात नाटकमंडळींना केसांचे टोप करून देणारे एक उस्ताद होते. त्यांनी सांगितलेली किंमत नानांना झेपणारी नव्हती. नानांनी पेटीतून अंगरखा काढला.

"अहो, दरबारचा पोशाख आहे तो!" आई म्हणाली.

"दरबारच उरला नाही. आता हा घालून काय भाजी आणायला जाऊ?"

उस्तादांनी जरी बोटांवर घासून पाहिली. "चांदी सच्ची है, रावसाहब," ते म्हणाले आणि तेवढ्यावर सौदा झाला. मला मात्र अंगरखा गेल्याचं वाईट वाटलं. आज वाटतं, टोप स्वस्तात मिळाला.

संक्रांतीला आई टोप घालून, वर पदर घेऊन हळदीकुंकवाला गेली. नाना दारात येरझाऱ्या घालत राहिले. ती परतताच त्यांनी विचारलं, "कोणी काही बोललं?"

"बोलल्या ना. केसांना तेल कोणतं लावता, म्हणून विचारत होत्या."

नाना पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.